जागरणाचे कौतुक पुरे झाले



वर्षावासात आमच्या गोरेगावच्या विहारात रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपले तरी बायामाणसे लगेच उठत नाहीत. चटईवर बसून सुखदुःखाचे बोलतात आणि वस्तीची खरी दुखणी त्या अर्ध्या तासातच कळतात. अलीकडे एक दुखणे वारंवार कानावर येते. कुणी मावशी सांगते, "पाठ टेकली तरी डोळ्याला डोळा लागंना." कुणी दादा म्हणतात, "दहाला झोपतो, पण दोनला टक्क जाग. मग कोंबडं आरवेपर्यंत पत्र्याकडं बघत पडायचं." हे एका-दोन रात्रीचे नाही. कुणाचे वर्षाचे, कुणाचे पाच-पाच वर्षांचे आहे. एवढे असूनही यातला एकही माणूस झोपेसाठी म्हणून डॉक्टरकडे गेलेला नसतो. गुडघ्यासाठी जातो, खोकल्यासाठी जातो. झोप न येणे हे दुखणे आहे असे कुणाला वाटतच नाही.

मग काय वाटते? कुणाला बाहेरचे वाटते. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या घरातूनही अमावस्येला अंगारा आणायला माणूस जातो, हे आम्ही पाहिले आहे. त्यावर या सदरात पूर्वी लिहून झाले आहे, आज पुन्हा लिहीत नाही. कुणाला वाटते की वय झाले, आता असेच चालायचे. आणि आमच्या शिकलेल्या पोरांना काय वाटते? त्यांना त्याचा अभिमान वाटतो! स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले रात्री तीनला चहा पीत सांगतात, "बाबासाहेब कुठं झोपायचे?" या तिसऱ्या समजुतीबद्दल आधी बोलायचे आहे, कारण ती आपल्या घरातली आहे आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या नावावर खपते.

जयंतीनिमित्त ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. चांगलेच आहे. पण आम्ही पडलो कारकून, बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय राहवत नाही. चोवीसातून अठरा वजा केले तरी सहा उरतात. ते सहा तास कुणाचे? बाबासाहेबांच्या चरित्रात परळच्या चाळीतल्या एका खोलीचे वर्णन आहे. त्या एवढ्याशा खोलीत सगळे घर, त्यातच जाते, त्यातच शेळी. शाळकरी भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग पोराला उठवीत आणि त्याच्या जागेवर आपण पडत. सारे सामसूम असताना पोर अभ्यासाला बसे. या प्रसंगातला दोनचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधी पोराची झोप व्हावी म्हणून बाप जागत होता, हे मात्र कुणी सांगत नाही. त्या घरात जागरणाइतकीच झोपेचीही व्यवस्था होती.

आणि पुढे जेव्हा बाबासाहेबांना खरोखर झोप येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी काय केले? संविधानाचा मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटना समितीच्या अध्यक्षांकडे गेला. त्या दिवसांत त्यांचा मधुमेह बळावला होता, पायांच्या शिरा ठणकत होत्या, इन्सुलिन चालू होते आणि रात्रीच्या रात्री डोळा लागत नव्हता. त्यांनी याचा तोरा मिरवला नाही. मुंबईला जाऊन उपचार घेतले. डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला, त्याच आपल्या माईसाहेब. प्रकृतीची काळजी घेणारे घरात कुणी असावे हाही विचार त्यामागे होता, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे देशाचे संविधान लिहिणाऱ्या माणसाने निद्रानाशाला आजार मानले आणि डॉक्टर गाठला. त्यांचे नाव घेऊन आपण डॉक्टर टाळतो, हे कसे?

यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या बापजाद्यांना जागायला लावलेले होते. महारकीच्या कामांत रात्रीची राखण होती. गावोगाव 'जागल्या' हे कामाचेच नाव होते. गाव झोपावे म्हणून आपला माणूस वेशीवर जागायचा. मैताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचे, पाटलाचा निरोप आला की अंथरुणातून उठायचे, आणि मोबदला काय, तर शिळा तुकडा आणि वतनाची जमीन. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाकडे असल्यामुळे तो कायदा इथला नव्हता, पण जागल्या इथेही होता. ज्यांच्या आज्याने दुसऱ्यासाठी रात्री जागून काढल्या, त्यांच्या नातवाने जागरणाला भूषण समजावे, हे आम्हाला पटत नाही.

आजही जागायला लावणारे कमी नाहीत. रब्बीत गव्हाला-हरभऱ्याला पाणी द्यायचे तर शेतीची लाईट पाळीपाळीने रात्री येते. थंडीत विजेरी घेऊन माणूस दारे धरीत फिरतो. रानडुकरांपासून पीक राखायला माळ्यावर जागल करावी लागते. हळद शिजवण्याच्या दिवसांत कढई रात्रीही चालते. आपली किती पोरे पुण्या-संभाजीनगरला वॉचमनच्या नोकरीत आहेत, ते मोजायला बसले तर बोटे पुरत नाहीत. म्हणजे जुन्या जागल्याला आता गणवेश आला. आणि घरातल्या बाईचे काय? शेवटी झोपणारी ती, आधी उठणारी ती. लेकराचा ताप तिच्याकडे, नळाला रात्री पाणी आले तर हंडे तिच्याकडे, पिऊन आलेल्या नवऱ्याची धास्तीही तिलाच. तिची झोप घराच्या हिशोबात कुणी धरतच नाही.

इथे एक भेद करावा लागतो. झोपायला वेळच मिळत नाही तो कष्टाचा प्रश्न. वेळ आहे, अंथरूण आहे, तरी झोप येत नाही किंवा टिकत नाही, तो निद्रानाश. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री असे होत असेल, तीन महिने उलटून गेले असतील आणि दिवसा त्याचा त्रास होत असेल, म्हणजे डोके जड, चिडचिड, कामात चुका, तर तो जुनाट निद्रानाश समजतात. मधूनच एखादी जाग येणे मात्र आजार नव्हे. झोप एकसंध नसते. सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी ती गाढ आणि उथळ होत राहते, फेरी संपताना कूस बदलताना क्षणभर जाग येते, सगळ्यांनाच येते. उतारवयात झोप उथळ होते, जाग जास्त येते. खरा घोटाळा त्यानंतर होतो. जाग आली की माणूस मोबाईल उचलून किती वाजले ते बघतो. दोन वाजलेत, म्हणजे पाचला उठायला तीनच तास राहिले, आता झोप लागली नाही तर उद्या कामावर काय होणार? हा हिशोब सुरू झाला की छाती धडधडते आणि आलेली झोपही पळते. चार-सहा महिने असे झाले की अंथरूण दिसले तरी धास्ती वाटते. बसल्याजागी पेंगणारा माणूस अंथरुणावर पडताच टक्क जागा होतो, तो यामुळे.

बऱ्याचदा मुळाशी दुसरे दुखणे असते आणि ते शोधल्याशिवाय बाकीचे उपाय लागू पडत नाहीत. रात्रीत तीन-चारदा लघवीला उठावे लागत असेल तर साखर तपासा, पुरुषांनी साठीनंतर प्रोस्टेटही तपासावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी जास्त करवतात. संध्याकाळी घेत असाल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बदलू नका. मोठ्याने घोरणारा माणूस घोरता घोरता श्वास अडकून दचकत असेल तर तो वेगळा आजार आहे, त्याला झोपेची गोळी घातक ठरू शकते. पाळी जायच्या वयात बाईला रात्री अंगाची आग होऊन घामाने जाग येते, ती लाजेने सांगत नाही. सांधेदुखीवर 'हमखास' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड असते, आणि स्टेरॉइड झोप उडवते. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडून जात असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्याला 'टेन्शन' म्हणून टाळू नये.

आणि कर्ज? त्याला कोणत्या तपासणीत धरायचे? नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्याच गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढले आणि सरकारला तसे कळवले. किडनीचा भाव, डोळ्याचा भाव, सगळे मांडून दिले. वर्तमानपत्रांत ते सगळ्या देशाने वाचले. ज्याला आपल्या किडनीची किंमत ठरवावी लागते त्याला 'मन शांत ठेव, झोप येईल' असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाची गोष्ट आहे. कडाक्याच्या थंडीत तथागत गुरांच्या वाटेवर पाने अंथरून झोपलेले. हत्थकाने विचारले, झोप चांगली लागली का? तथागत म्हणाले, हो, सुखाने लागली. आणि मग त्यांनी उलट विचारले, बंद खिडक्यांच्या घरात, मऊ गादीवर पडलेल्या गृहस्थाला लोभ, द्वेष आणि मोह जाळत असतील तर त्याला झोप लागेल का? ही गोष्ट आपल्याकडे प्रवचनात सांगतात, पण ती गरिबाकडे बोट दाखवून सांगू नये. ती गादीवाल्याला सांगितलेली आहे. शेतमजुराची झोप पुष्कळदा दुसऱ्याच्या लोभाने उडालेली असते, आणि त्यावर उपाय संघटनेचा आहे. तरीही आजची रात्र तर काढायची आहे, म्हणून पुढचे लिहितो.

आधी काय करू नये ते. झोपेसाठी म्हणून संध्याकाळी पाव क्वार्टर घेणारे आम्हाला माहीत आहेत, आणि 'औषध म्हणून घेतो' म्हणजे पाचवे शील मोडत नाही अशी समजूतही माहीत आहे. शील बाजूला ठेवून नुसते शरीराचे बोलू. दारूने डोळा लवकर लागतो, पण तिचा अंमल उतरू लागला की उत्तररात्रीची झोप तुटते. दोनला टक्क जाग येणाऱ्यांपैकी अनेकांचे कारण त्या ग्लासात असते. शेजारच्या तेलंगणात तर ताडीत अल्प्राझोलाम मिसळल्याचे गुन्हे अनेकदा उघड झाले आहेत. हीच अल्प्राझोलाम आपल्याकडे 'झोपेची गोळी' म्हणून हातोहात फिरते. तिला आणि डायझेपामला 'एच-१' यादीत घातलेले आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि विकली की दुकानदाराने नोंद ठेवायची असते, हा नियम मार्च २०१४ पासून आहे. कारण असे की काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते, मग एकीची दोन होतात. म्हातारी माणसे रात्री उठताना झोकांडी जाऊन पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात. दारू आणि ही गोळी एकत्र पोटात गेली तर श्वास बंद पडू शकतो. पण आणखी एक, जे वर्षानुवर्षे गोळी घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून आज रात्री ती फेकून देऊ नये. एकदम बंद केल्यास फिट येण्यापर्यंत मजल जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

आता करायचे काय. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नाही, सवयी आणि विचार बदलण्याचा आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या महाविद्यालयानेही २०१६ साली तसेच सुचवले. त्यातली निम्मी गोष्ट तर बिनखर्चाची आहे.

उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची नव्हे. रात्र कशीही गेली तरी पाच म्हणजे पाच. उठल्यावर उजेडात या, शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते. दिवसा झोप अनावर झाली तर दुपारी तीनच्या आत, अर्ध्या तासाहून कमी. चहा दुपारनंतर बंद. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा शिल्लक असतो आणि आपण कामावरून आल्यावर, जेवण्याआधी, वाचनानंतर असा घेतच राहतो. तंबाखू-गुटखा हाही झोप उडवणारा आहे. रात्री जाग आली की चिमूट लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अंथरुणावर फक्त झोपायचे. मोबाईल नाही, हप्त्याचा हिशोब नाही, नवरा-बायकोचे भांडण नाही. वीस-पंचवीस मिनिटे झाली असे वाटले (घड्याळ न बघता) आणि झोप आली नाही, तर उठून दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. ही रीत बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडली. पुस्तकात 'दुसऱ्या खोलीत जा' असे लिहिलेले असते. आपल्याकडे एक खोली, तीत सहा माणसे ओळीने झोपलेली. दुसरी खोली आणायची कुठून? मग ओट्यावर बसावे, उंबऱ्याशी पाट टाकून बसावे, मोठा दिवा लावू नये. पावसात तेही जमले नाही तर अंथरुणावरच उठून भिंतीला टेकून बसावे. पडून झगडण्यापेक्षा ते बरे. तेव्हा आनापान करता येते. येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. पण झोप यावी म्हणून आनापान करू नये. झोपेची वाट बघत श्वास मोजणे हेही जागरणच होते.

तिसरी गोष्ट विचित्र वाटेल. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त आजी रात्री नवाला पडत, सहाला उठत, आणि झोप लागे जेमतेम साडेपाच तास. नऊ तासांतले साडेतीन तास तळमळण्यात. त्यांना डॉक्टरांनी सांगितले, "आजी, साडेअकराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही, पाचला उठायचे." आजी चिडल्या, "झोप येत नाही म्हणून आले, तर हा झोपच कमी करतो!" पहिला आठवडा त्यांनी अक्षरशः पेंगत काढला. पण हळूहळू साडेपाच तासांची झोप सलग लागू लागली. मग दर आठवड्याला पंधरा मिनिटे आधी झोपायची परवानगी मिळाली. हा उपाय पाच तासांच्या खाली नेऊ नये. आणि ड्रायव्हर, यंत्रावर काम करणारे, फिटचा किंवा उन्मादाचा आजार असलेले यांनी डॉक्टरांशिवाय करूच नये.

काळजीला वेळ ठरवून द्यावा. संध्याकाळी दिवे लागल्यावर वहीत लिहावे: कुणाचे किती देणे, उद्या कुणाला भेटायचे, कोणता कागद लागतो. कागदावर उतरलेले देणे कमी होत नाही, पण रात्री दोनला ते पुन्हा पुन्हा मोजावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला सांगून लिहून घ्यावे.

घरातल्या माणसांनीही थोडे बघावे. नळाची आणि लेकराची पाळी नवरा-बायकोने वाटून घ्यावी. रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपला तर त्याला आळशी म्हणू नये. खिडकीला जाड कापड लावून द्यावे, बाहेर टीव्ही हळू करावा. मच्छरदाणी ही चैन नव्हे. आणि वस्तीने एक करावे, हे आम्ही राग पत्करून लिहितो. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. दुसऱ्याच्या डीजेविरुद्ध तक्रार करताना आपल्याला तो आठवतो. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत, भिंती हादरत असताना, आतल्या घरात कुणी बाळंतीण, कुणी आजारी, कुणी पहाटे कामावर जाणारा पडलेला असतो, तेव्हाही तो आठवावा.

एवढे करून चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या सेवेची चौकशी करावी. मानसिक म्हटले की आपली माणसे बिचकतात, पण तिथे झोपेची तक्रार घेऊन जाणारेही असतात. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा मोफत नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्यावी. पान असे आखावे: कितीला पडलो, अंदाजे कितीला झोप लागली, किती वेळा उठलो आणि कशासाठी, कितीला उठलो, चहा किती, तंबाखू किती, कोणती गोळी, दिवसा डुलकी किती. सगळे सकाळीच भरावे, रात्री घड्याळाकडे बघून नव्हे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, त्या सांधेदुखीच्या पुड्यांसकट, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.